मेरोए : लिपी उलगडली, भाषा उलगडली नाही

प्राचीन नुबिया म्हणजे स्थूलमानाने आजच्या इजिप्तचा दक्षिण भाग व उत्तर सुदान. तेथील कुश राज्याचे (रामायणातील कुशाशी केवळ नामसाम्य) जुने केंद्र नापाता हे होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकात राजघराण्याची दफनभूमी मेरोए येथे आली व नाईलच्या पूर्वतीरावरील हे नगर राज्याचे प्रमुख केंद्र ठरले. तेथील पिरॅमिड आणि लोखंडाच्या भट्ट्यांतून निघालेल्या धातुमळीचे ढीग आजही दिसतात. इ. स. चौथ्या शतकात हे राज्य लयास गेले.

भाषेच्या अभ्यासकाला मात्र मेरोए वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते. कुशचे राजे पूर्वी आपले लेख इजिप्शियन भाषेत कोरवीत. पुढे मेरोएत स्वभाषेसाठी २३ चिन्हांची स्वतंत्र लिपी घडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रिफिथ या विद्वानाने त्या चिन्हांची ध्वनिमूल्ये निश्चित केली. तरीही काही नावे, पदव्या व ठरावीक शब्द वगळता या लेखांचा अर्थ लागत नाही. बोडो भाषा देवनागरीत लिहिली जाते. आपण तिचा मजकूर मोठ्याने वाचू शकू, पण समजणार काय? लिपी आणि भाषा यांतील भेद याहून स्पष्टपणे क्वचितच दाखवता येईल.

या भेदाची किंमत इतिहासाला मोजावी लागते. इ. स. पू. २५च्या सुमारास कुश व रोम यांच्यात युद्ध झाले. त्याचा वृत्तांत आपणास मिळतो तो स्ट्रेबो या ग्रीक लेखकाकडून. कुशची राणी एकाक्ष व पुरुषी होती, असे तो सांगतो. तिचे नावही देत नाही. रोमचा पक्ष घेणाऱ्याचे हे शब्द आहेत, हे विसरू नये. १९१० साली मेरोएच्या उत्खननात सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचे कांस्यशीर्ष सापडले. ते एका वास्तूच्या पायऱ्यांखाली पुरलेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावरूनच पडे. ही कुशची बाजू, पण शब्दांवाचून मांडलेली.

शब्दही आहेत. मेरोएजवळच्या हमादाब येथील शिलालेखात राणी अमानिरेनास व राजपुत्र अकिनिदाद यांची नावे स्पष्ट वाचता येतात. त्यात याच युद्धाची हकीकत असावी, असे काही अभ्यासक मानतात. लेखाच्या ओळींमागून ओळी उच्चारता येतात. त्यांचा अर्थ अद्याप हाती आलेला नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : स्ट्रेबोचा वृत्तांत आणि पायऱ्यांखालील कांस्यशीर्ष या दोन साधनांपैकी कोणते अधिक विश्वसनीय, ते सकारण लिहा.