कोसळणारा खेळ आणि तेरजेचा ताळा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

संगणकावरील खेळ हा कॉलेजच्या नियतकालिकाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही प्राध्यापकांना येईल. खेळणे हा विरंगुळा आहे, हे मान्यच. परंतु बिघडलेला खेळ दुरुस्त करणे हा मात्र विरंगुळा नव्हे. ती चूक शोधण्याची एक पद्धतशीर विद्या आहे, आणि ज्याने एकदा तरी न जुळणारी तेरीज रात्री उशिरापर्यंत तपासली आहे, त्याला ती फार परकी वाटणार नाही. प्रस्तुत लेखात या दोहोंतील साम्य दाखवून बिघाड शोधण्याची एक रीत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मॉड म्हणजे काय?

मूळ खेळात खेळाडूंनीच केलेला बदल किंवा घातलेली भर म्हणजे 'मॉड'. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगभर खेळला जाणारा खेळ १९९९ साली 'हाफ-लाइफ' या खेळाचा मॉड म्हणूनच जन्माला आला. येथे आपण उदाहरणासाठी 'स्कायरिम' हा खेळ घेऊ. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉड तयार करण्याचे 'क्रिएशन किट' हे साधनही खेळाडूंच्या हाती दिले. २०१६ साली त्याची 'स्पेशल एडिशन' ही ६४ बिटांची आवृत्ती निघाली. कोणी त्यात नवे गाव वसवले, कोणी झाडांची पाने सुधारली, कोणी तलवारींच्या किमती बदलल्या. यांतले बहुतेक मॉड विनामूल्य मिळतात.

अडचणीचे मूळ येथेच आहे. शंभर मॉड करणारे शंभर जण एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांचे काम मात्र एकाच खेळात एकत्र येते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या शंभर कारकुनांनी एकच खातेवही लिहावी, तसा हा प्रकार आहे. मग एके दिवशी खेळ मध्येच कोसळतो. कोणतीही सूचना न देता खिडकी बंद होते आणि समोर नुसता डेस्कटॉप उरतो.

अशा वेळी सर्वसाधारणपणे दोन गोष्टी केल्या जातात. पहिली, सर्वांत शेवटी घातलेल्या मॉडला दोषी ठरवून तो काढून टाकणे. दुसरी, सगळा खेळ पुसून पुन्हा उतरवून घेणे. स्पेशल एडिशनला सुमारे १२ गिगाबाइट जागा लागते. मोबाइलच्या रोजच्या ठराविक डेटावर भागवणाऱ्या विद्यार्थ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इतके करून तीच यादी पुन्हा घातली की खेळ पुन्हा त्याच जागी कोसळतो. तेरीज जुळत नाही म्हणून वही जाळून तीच चुकीची बेरीज नव्या वहीत उतरवावी, त्यातलाच हा न्याय.

आधी फरक ओळखावा

तेरीज जुळली नाही की चांगला हिशेबनीस लगेच वहीची पाने उलटू लागत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असावी, उदाहरणार्थ ५४ च्या जागी ४५. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेली असावी. म्हणजे फरक स्वतःच चुकीची जात सांगतो.

खेळाचेही तसेच आहे. तो कोठे व केव्हा कोसळतो, हे आधी टिपून ठेवावे.

मुख्य पडदा येण्यापूर्वीच खेळ बंद पडत असेल, तर एखाद्या मॉडला लागणारी आधारफाइल गैरहजर असण्याचा संभव मोठा. अनेक मॉड दुसऱ्या मॉडच्या पायावर उभे असतात. पाया नसेल तर वरचा मजला उभा राहणार नाही.

दुसरे कारण आवृत्तीचे. 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर' नावाचे एक पूरक साधन मूळ खेळाच्या ठराविक आवृत्तीशीच जुळते. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी खेळाची आवृत्ती १.५.९७ वरून १.६ च्या मालिकेत गेली, तेव्हा या साधनावर अवलंबून असलेले कितीतरी मॉड नव्याने तयार होईपर्यंत निकामी झाले. मॉडमध्ये खोट नव्हती. खालची जमीन सरकली होती.

एकाच विशिष्ट ठिकाणी गेले की खेळ कोसळत असेल, तर त्या ठिकाणच्या एखाद्या वस्तूची आकृतीफाइल सदोष असू शकते. जुन्या आवृत्तीसाठी केलेली आकृती नव्या आवृत्तीत तशीच घातली, तरी असे घडते. बराच वेळ खेळल्यावर, कोठेही आणि केव्हाही कोसळत असेल, तर स्मृतीवरचा ताण तपासावा. वस्तू जांभळी दिसली तर तिच्या पृष्ठभागाचे चित्र सापडलेले नाही. वस्तूच्या जागी उद्गारचिन्ह असलेली लाल खूण दिसली तर आकृतीच सापडलेली नाही. या शेवटच्या दोन गोष्टी म्हणजे बिघाड नव्हे, तर खेळाने स्वतःच दिलेली कबुली होय.

ताळा पाहणे

आपण मराठीत गणिताचा 'ताळा' पाहतो. कन्नडमध्ये तेरजेला 'ताळेपट्टी' म्हणतात. दोन्ही भाषांत जुळवून पाहण्यासाठी जवळजवळ एकच शब्द आहे, आणि संगणकही नेमके हेच करतो. मॉड आवळून बांधलेल्या एका फाइलीत मिळतो. ती बांधतानाच आतील प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून एक ताळाअंक काढून ठेवलेला असतो. 'सेव्हन-झिप'सारख्या साधनातील चाचणीची आज्ञा दिली की तो अंक पुन्हा काढून मूळ अंकाशी ताडला जातो. उतरवताना जोडणी तुटून फाइल अर्धवट आली असेल, तर येथेच उघडकीस येते. मॉड घालण्यापूर्वी ही चाचणी घ्यावी; तिला मिनिटही लागत नाही.

मूळ खेळाच्या फाइलींसाठी 'स्टीम'मध्ये अशीच तपासणीची सोय आहे. ती फक्त बिघडलेल्या फाइली पुन्हा आणते, त्यामुळे सगळे १२ गिगाबाइट उतरवण्याची गरज राहत नाही. मात्र आपण वरून घातलेल्या मॉडचा ताळा त्यात पाहिला जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

अर्धे-अर्धे करण्याची रीत

सर्व फाइली धडधाकट आहेत, तरी खेळ कोसळतो. आता शंभरांतला गुन्हेगार कसा शोधावा? एकेक मॉड काढून पाहिला, तर शंभर वेळाही खेळ सुरू करावा लागेल. दर खेपेस पाच मिनिटे धरली तरी आठ तासांहून अधिक वेळ गेला.

त्याऐवजी निम्मे, म्हणजे पन्नास मॉड बंद करावेत. खेळ आता चालला, तर दोष बंद केलेल्या पन्नासांत आहे. कोसळलाच, तर चालू असलेल्या पन्नासांत. ज्या बाजूस दोष आहे तिचे पुन्हा दोन भाग करावेत. पन्नासाचे पंचवीस, पंचवीसाचे तेरा, मग सात, चार, दोन आणि एक. सात खेपांत, पस्तीस मिनिटांत काम होते.

यात दोन पथ्ये आहेत. आधारफाइल बंद केली तर तिच्यावर उभे असलेले मॉडही बंद करावेत. नाहीतर आपणच नवा बिघाड निर्माण करू. दुसरे असे की, कधीकधी दोन्ही अर्धे वेगवेगळे व्यवस्थित चालतात आणि एकत्र आले की कोसळतात. यात गोंधळून जाण्याचे कारण नाही. दोष एका मॉडचा नसून दोघांच्या भांडणाचा आहे आणि ते दोघे वेगवेगळ्या अर्ध्यांत बसले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मग एक अर्धा तसाच चालू ठेवून दुसऱ्याचे भाग करीत जावे.

मागील बाकीचा धोका

ही चाचणी जुन्या, जतन केलेल्या खेळावर घेऊ नये. जतनफाइल ही मागील बाकी पुढे ओढल्यासारखी असते. पूर्वीच्या मॉडच्या काही आज्ञा तिच्यात मुरलेल्या असतात, आणि मॉड काढला तरी त्यांचे अवशेष राहतात. मागील बाकीच चुकीची असेल, तर या वर्षाच्या नोंदी कितीही तपासल्या तरी तेरीज जुळणार नाही. म्हणून चाचणीसाठी नवी वही घ्यावी. मुख्य पडद्यावरच आज्ञाखिडकी उघडून 'सीओसी रिव्हरवुड' अशी आज्ञा दिली की खेळाडू थेट त्या गावात पोहोचतो. प्रारंभीची लांबलचक कथा पाहावी लागत नाही.

बिघाड दिसत असतानाही खेळत राहून जुन्याच जतनफाइलीवर पुन्हा पुन्हा जतन करणे, हे तर सर्वांत घातक. फरक अनामत खात्यात टाकून वर्ष ढकलण्यासारखे ते आहे. चार महिन्यांत जमवलेला खेळ असाच हातचा जातो. दर वेळी नव्या नावाने जतन करावे. म्हणजे निदान निरोगी दिवसापर्यंत मागे जाता येते.

तेरीज जुळली तरी

वाणिज्याच्या पहिल्याच वर्षी आपण शिकतो की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असेलच असे नाही. विसरचूक, तत्त्वाची चूक, भरपाई चूक या तेरजेत दिसत नाहीत. खेळ कोसळला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, हेही असेच अपुरे अनुमान होय. समजा, एका मॉडने तलवारीचे वजन दुरुस्त केले आणि नंतर वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्याने तिची किंमत बदलली. खेळ शेवटच्या मॉडची ती नोंद संपूर्णपणे ग्राह्य धरतो. परिणामी किंमत नवी आणि वजन पुन्हा जुने! काही कोसळत नाही; पण पहिल्याची मेहनत निमूटपणे पुसली जाते. 'एक्स-एडिट' या साधनात दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी दिसतात आणि दोन्ही बदल एकत्र आणणारे ठिगळ तयार करता येते. मॉडचा क्रम लावून देणाऱ्या साधनाचे नाव 'लूट' आहे. नाव असे असले तरी ते नेत काही नाही, उलट पुष्कळ वाचवते. तथापि, ते क्रम सुचवते, भांडण मिटवत नाही.

कोसळण्याची नोंद लिहून ठेवणारे मॉडही आहेत. त्या नोंदीत एखाद्या मॉडचे नाव आढळले, तर तो प्रसंगाच्या जागी हजर होता इतकेच सिद्ध होते. साक्षीदार आणि आरोपी यांतला भेद येथेही पाळावा लागतो.

हे सर्व लिहिण्यामागे एक हेतू आहे. मॉड करणारा बहुधा आपल्यासारखाच कोणी विद्यार्थी किंवा नोकरदार असतो. रात्री जागून केलेले काम तो फुकट देतो. चाचणी न घेता 'तुझ्यामुळे माझा खेळ बिघडला' असे त्याला सुनावणे सोपे असते, आणि अशा बोलण्याला कंटाळून तो काम सोडूनही देऊ शकतो. उद्या आपल्यापैकी कोणी हिशेब तपासनीस होईल, कोणी बँकेत बसेल. रोकड कमी भरली की शेवटी गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडेच बोट दाखवण्याचा मोह तेथेही होणार आहे. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा, ताळा पाहावा, आणि पुरावा हाती आल्यावरच कोणाचे नाव घ्यावे. ही सवय खेळातून लागली, तरी ती खेळापुरती राहणार नाही.