ड्रेडनॉट : न घाबरणारी बोट

ड्रेड म्हणजे भीती आणि नॉट म्हणजे काहीच नाही. थोडक्यात, कशालाच न घाबरणारा! या नावाचं इंग्लंडचं एक जहाज १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराशी लढलं. पण खरी गंमत १९०६ च्या ड्रेडनॉटची. इतर युद्धनौकांवर मोठ्या तोफा साधारण चार, हिच्यावर १२ इंची दहा! पिस्टन इंजिनाऐवजी पार्सन्सची स्टीम टर्बाइन (हो, आपल्या सिलॅबसमधलीच), वेग २१ नॉट. हा नॉट वेगळा बरं का. झालं, जगातल्या सगळ्या युद्धनौका एका फटक्यात जुनाट ठरल्या, इंग्लंडच्या स्वतःच्यासुद्धा! म्हणजे जर्मनीला नव्यानं शर्यत लावायची आयती संधीच. आणि एवढ्या तोफा असून हिनं १९१५ मध्ये जर्मन पाणबुडी बुडवली ती चक्क धडक देऊन. १९६० मध्ये पाण्यात उतरलेली ड्रेडनॉट मात्र स्वतःच पाणबुडी होती, ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी.