शनिवारवाड्यातील दरबार : एका मुद्राचित्राचे वाचन

पुण्याच्या शनिवारवाड्यात ६ ऑगस्ट १७९० रोजी भरलेल्या दरबाराचे एक मुद्राचित्र इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला वारंवार भेटते. सोळा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे गादीवर बसले आहेत. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स वॉर मॅलेट मंजुरी मिळून आलेला तह त्यांना सादर करीत आहे. सभोवती दरबारी मंडळी आपापल्या जागी शांतपणे बसली आहेत. यानंतर अवघ्या बारा वर्षांनी याच शहराच्या वेशीवर मराठ्यांच्याच फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. इतक्या व्यवस्थित दिसणाऱ्या सभेमागे यादवीची बीजे होती काय, आणि ती चित्रात दिसतात काय, हा या पाठाचा विषय आहे.

हिंजवडीपासून शनिवारवाडा फार दूर नाही. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्याचे बुरूज आणि दिल्ली दरवाजा पाहिला असेल. १८२८ च्या आगीत वाड्याचा अंतर्भाग भस्मसात झाला आणि आज तेथे केवळ जोती उरली आहेत. त्या जोत्यांवर एके काळी काय उभे होते, याची कल्पना देणाऱ्या मोजक्या साधनांपैकी हे चित्र एक आहे. म्हणूनच ते काळजीपूर्वक वाचले पाहिजे.

चित्र कसे घडले

या चित्राला तीन तारखा आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठेवणे हा अभ्यासाचा पहिला नियम होय. प्रसंग १७९० चा. मूळ तैलचित्र टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०५ मध्ये इंग्लंडमध्ये पूर्ण केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रही आहे. त्यावरून चार्ल्स टर्नर याने १८०७ मध्ये मुद्राचित्र तयार केले.

डॅनियलने हा दरबार पाहिला नव्हता. त्याच्यापुढे होती ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची रेखाटने. वेल्स पुण्यात आला, त्याने पेशवे, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. परंतु तो हिंदुस्थानात उतरला १७९१ मध्ये, म्हणजे दरबार उलगडून गेल्यावर. १७९५ मध्ये तो मरण पावला. पुढे त्याच्या कन्येशी मॅलेटचा विवाह झाला आणि मॅलेटनेच डॅनियलकडून हे चित्र पूर्ण करून घेतले. अर्थात ज्याचा गौरव चित्रात आहे, त्याच्याच इच्छेने ते काढले गेले. चित्रातील प्रत्येक चेहरा त्या दिवशी त्याच जागी होता, असे त्यावरून म्हणता येत नाही.

वेल्स आणि मॅलेट यांच्यासोबत गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकारही काम करीत असे. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने आजही जतन केलेली आहेत. या देशी कलावंताचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

टर्नर ज्या पद्धतीसाठी प्रसिद्ध होता, तिला मेझोटिंट म्हणतात. तांब्याचा पत्रा प्रथम सर्वत्र खरबरीत करतात. तो तसाच छापला तर कागद पूर्ण काळा उमटेल. मग जेथे उजेड हवा, तेथे पत्रा घासून गुळगुळीत करीत जातात. कोणावर किती उजेड पडावा, हे अशा चित्रात कोरणाऱ्याच्या हाती असते.

दरबारात ठरले ते आणि राहिले ते

हा तह टिपू सुलतानाविरुद्ध होता. पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी एकत्र लढावे आणि जिंकलेला मुलूख सारखा वाटून घ्यावा, असे ठरले. १७९२ मध्ये टिपूला आपले निम्मे राज्य सोडावे लागले. म्हणजे तह यशस्वी झाला. परंतु मराठा सरदारांनी आपसांत कसे वागावे, वाद कोणापुढे न्यावेत, याचा निर्णय झाला नव्हता. महादजी शिंदे त्या वेळी उत्तरेत होते. १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंदे आणि होळकर यांच्या फौजांची लढाई झालीच. १७९५ मध्ये खर्ड्याला सर्व सरदार निजामाविरुद्ध एकत्र आले, ते शेवटचे. त्याच वर्षी सवाई माधवराव वाड्यातून खाली पडून मृत्यू पावले.

त्यानंतर गादीचा वाद पेटला. १८०० मध्ये नाना फडणीस गेले. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देऊन ठार करविले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरनजीक यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस त्याने इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी घेतली. १८०३-०४ च्या दुष्काळाने उरलेसुरले पुणेही उजाड केले. १८०५ साली लंडनमध्ये हे चित्र पाहणाऱ्यांना ही सारी हकीकत ठाऊक होती. त्यांच्या लेखी १७९० चा दरबार ही आपल्या विजयाची प्रस्तावना होती. दरबारात बसलेल्यांना मात्र पुढचे काहीच ठाऊक नव्हते.

चित्रात नसलेली माणसे

दरबारात प्रवेश होता तो मानकऱ्यांना. ज्यांच्या श्रमावर हा वाडा उभा होता, त्यांना तेथे जागा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील १९३६ च्या प्रसिद्ध निबंधात नोंदविले आहे की, पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे. ज्या राज्यात प्रजेतील इतके लोक सभेबाहेर, किंबहुना रस्त्याबाहेर ठेवले होते, तेथे सरदारांचे भांडण थांबविण्यासाठी जनतेने पुढे यावे तरी कसे?

येथे महापरिनिब्बान सुत्तातील वज्जींचा प्रसंग आठवतो. अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करावयाची होती. त्याचा मंत्री वस्सकार भेटीस आला असता तथागतांनी आनंदाला विचारले ते वज्जींच्या सैन्याविषयी नव्हे, तर ते वारंवार सभा भरवितात काय, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात काय, याविषयी. पुढे वस्सकाराने त्यांच्यात फूट पाडली आणि भेरी वाजली तरी कोणी जमले नाही, असे अट्ठकथा सांगते. सभा भरणे आणि एकोपा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शनिवारवाड्यात सभा भरली होती. वाद मिटविण्याची रीत मात्र नव्हती.

पुढील अभ्यासासाठी

पालकांनी मुलांसमवेत शनिवारवाड्यास गेल्यावर हे चित्र सोबत न्यावे आणि चार प्रश्न विचारावेत. हे कोणी काढले? प्रसंगानंतर किती वर्षांनी? कोणाच्या सांगण्यावरून? यात कोण नाही? हेच प्रश्न या स्मरणिकेतील छायाचित्रांनाही लावून पाहावेत, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. समारंभाच्या चित्रांत व्यासपीठावरील पाहुणे दिसतील. त्या दिवशी पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, वसतिगृहाचे पहारेकरी आणि सतरंज्या अंथरणारी मुले दिसतीलच असे नाही. त्यांची नावे आपणांस आठवत असतील, तर ती लिहून शाळेकडे पाठवावीत.