ताटात काय ते तू ठरव, किती ते तिला ठरवू दे

अगं, लेक काहीच खात नाही म्हणून तू रडकुंडीला आली आहेस, पण मी आधी एवढंच विचारीन, ती दिवसभरात दूध किती पिते? सकाळी डोळे उघडले की बाटली, दुपारी झोपताना बाटली, नीट जेवली नाही म्हणून संध्याकाळी पेलाभर, रात्री पुन्हा बाटली. बेरीज कर, पाऊण लिटरच्या पुढे जाईल. अडीच वर्षांच्या पोटात एवढं दूध गेल्यावर पोळीला जागा उरणार कुठून? शिवाय "निदान दूध तरी पिते" या समाधानात एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. दुधात कॅल्शियम भरपूर असतं, पण लोह जवळजवळ नसतंच. म्हणून नुसत्या दुधावर वाढणारं मूल गुटगुटीत दिसतं आणि आतून फिकं असतं.

हे मी उगीच घाबरवायला सांगत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ही सगळी काही उपाशी घरांतली मुलं नाहीत. तुझ्यामाझ्यासारख्या भरल्या घरांतलीही त्यात आहेत.

तेव्हा पहिलं काम हे कर. दिवसाला दोन पेले दूध, फार तर अर्धा लिटर. तेही पेल्यातून, आणि जेवणाच्या तोंडावर नाही. बाटली हळूहळू बंदच कर. दूध साधंच दे. दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरींत साखर किती असते ते डब्यावर वाच. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढून टाका.

आता तिच्या भुकेचं. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोचं होतं. त्यानंतर मात्र वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. तू अजून पहिल्या वर्षाच्या हिशेबाने तिचं ताट भरतेस आणि ते रिकामं झालं नाही की खट्टू होतेस. तिच्या पोटाला कळतं गं. एका वेळी दोन चमचे खाईल, दुसऱ्या वेळी वाटी चाटूनपुसून संपवेल. एका जेवणावर जाऊ नकोस, आठवड्याचा अंदाज घे.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी फार छान करून दिली आहे. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. मला ही वाटणी मनापासून पटते, कारण त्यात मुलाचाही मान राहतो आणि आईचाही. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाऊ, आणि दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास काही नाही. बिस्किट नाही, चिप्स नाही, पाणी हवं तेवढं. अर्ध्या तासात नाही खाल्लं तर न रागावता ताट उचल. "भाजी संपव, मग चॉकलेट" असं मात्र कधी म्हणू नकोस. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच तिच्या मनात बसेल. मोबाइल दाखवून तर भरवूच नकोस. पडद्याकडे बघत आ वासणाऱ्या मुलाला आपण काय गिळतोय आणि पोट कधी भरलं, दोन्ही कळत नाही. काऊ-चिऊचे घास भरव ना, हवे तेवढे, पण तिने तोंड फिरवलं की थांबायचं.

आणि तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नकोस. तू नोकरी करतेस, दमतेस, आणि वेगळं शिजवलेलं तिनं नाकारलं की तुझा जीव जास्त जळतो. घरात जे शिजतं त्यातूनच तिचं काढायचं. फोडणीत हिंग, जिरं, हळद, कढीपत्ता, लसूण सगळं चालतं, फक्त तिखट घालायच्या आधी तिची वाटी बाजूला काढ. वरणात मूठभर पालक किंवा शेवग्याची कोवळी पानं शिजव, वर तूप आणि लिंबू. तुपाला घाबरू नकोस, या वयात ते लागतं. लिंबू तर विसरूच नकोस. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला आंबटाची जोड हवी असते, म्हणून उसळीवर लिंबू, पोह्यांवर लिंबू, जेवणानंतर पेरूची बिया काढलेली फोड. चहा मात्र तिला अजिबात नको, बशीतला घोटभरही नको, तो हेच लोह अडवतो. भाजी लोखंडी कढईत केलीस तर थोडं लोह तिथूनही उतरतं. काळी पडेल म्हणून शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढ.

वरणफळं करतेस ना? तिची फळं छोट्या झाकणाने गोल काप, चांदण्या काप, मुलं त्यावर तुटून पडतात. मोड आलेले मूग वाटून धिरडं घाल, पिठात किसलेलं बीट टाक, गुलाबी धिरडं म्हणून मागून घेईल. भाजणीचं थालीपीठ तिच्या तळहाताएवढं थाप, मधल्या भोकात लोण्याचा गोळा. लाल भोपळ्याचे घारगे तळण्याऐवजी तव्यावर तूप सोडून भाजलेस तरी छान लागतात. आणि नाचणी! शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध कमी केल्याची धाकधूक वाटली तर नाचणीचं ताकातलं आंबील दे, गूळ घालून लाडू वळ, धिरड्यात पीठ मिसळ. घाईच्या दिवशी मऊ भात, मेतकूट आणि तूप हेही पूर्ण जेवण आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे अंडी-मासे चालतात, मग अंड्याची भुर्जी, काटे बघून काढलेली सुरमई, कधी कलेजीचा मऊ शिजवलेला तुकडाही दे. कलेजीतलं लोह शरीर फार पटकन घेतं.

एक मात्र जपायचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत हातात द्यायची नाहीत, घशात अडकतात. दाण्यांचा कूट कर, द्राक्षं उभी चिर. आणि खाताना ती बसलेली हवी, घरभर धावत नाही.

नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणजे आवडत नाही असा शिक्का मारू नकोस. मुलांना नव्या चवीची ओळख व्हायला दहा-पंधरा वेळा लागू शकतात. आवडीच्या वरणभाताशेजारी वाटाण्याएवढी ठेव आणि काही बोलू नकोस. ती हाताने चिवडेल, वास घेईल, टाकून देईल, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेव. मटार सोलायला बसव, मुगाला मोड आले का ते फडकं सोडून तिला बघू दे. "काय खाशील?" असं मोकळं विचारू नकोस, "घारगा की धिरडं?" असं विचार. दोन्ही तुझ्याच पसंतीचे, निवड तिची.

तुझ्या सासूबाई वाटी घेऊन तिच्यामागे फिरतात म्हणून चिडू नकोस. त्यांच्या जिवाला घोर लागलेला असतो. त्यांना म्हण, "आई, तिला तुमच्याच ताटाशेजारी बसवू या. तुम्ही भाकरी कुस्करता तशी तिलाही शिकवा." घरातल्या चार माणसांना रोज एकत्र बसून जेवताना बघणं, याच्याइतकं दुसरं काही मुलाला जेवायला शिकवत नाही.

एवढं करून बघ, पण डॉक्टरांकडे जायचं टाळू नकोस. वजन वाढत नसेल, चेहरा पांढुरका दिसत असेल, माती किंवा खडू तोंडात घालत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घे. तिच्या वयाला ते 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं पातळ औषध द्यायचं असतं. ते तिला मिळतंय का, आणि जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, हे अंगणवाडीत किंवा तुझ्या डॉक्टरांना विचार. त्यांनी औषध लिहून दिलं तर शी काळी होते म्हणून मध्येच सोडू नकोस, सांगितलेले सगळे दिवस पूर्ण दे.