सोल्डर तापण्याआधी

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत किंचितशी वीज उपजते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. एवढ्याशा या गोष्टीत मी बरीच वर्षं रमले आहे. त्यातून उमगलेलं हे थोडंसं.

१. पिकअपमध्ये आवाज भरता येत नाही, त्यातलं काय सोडून द्यायचं तेवढंच ठरवता येतं. हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, मधले स्वर भरदार होतात, पण टिपेची चमक बोथट होते. वेढे कमी केले की चमक परत येते आणि भरदारपणा जातो. दोन्ही एकदम देणारा पिकअप मला अजून भेटलेला नाही, आणि आता मी तो शोधतही नाही.

२. सगळ्यात मोठा बदल सगळ्यात स्वस्त स्क्रूमध्ये असतो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारच्या सिंगल कॉइलमध्ये खांबच चुंबकाचे असतात. ते तारांच्या फार जवळ आले तर तारांना ओढतात. मग जाड तारेवर वरच्या पडद्यांवर वाजवलेला स्वर डगमगतो, एकाच स्वरात दोन स्वर भांडल्यासारखे वाटतात आणि तो लवकर विझतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर दोन-अडीच मिलिमीटर ठेवलं की बहुतेक गिटारी मोकळ्या होतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा जरासा सरकवला की सगळा नाद उघडतो, त्याची इथे हमखास आठवण येते. पिकअपची उंची ठरवणाऱ्या स्क्रूचा अर्धा फेरा द्यावा, वाजवावं, ऐकावं, मग पुढचा अर्धा.

३. पिकअप गिटारच्या भोकात संपत नाही. सिंगल कॉइलला साधारण २५० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे पोटेन्शियोमीटर) लावतात, दोन कॉइलच्या हंबकरला ५०० चे. पॉट पूर्ण उघडा असला तरी थोडी चमक खातोच. लहान आकड्याचा जास्त खातो, मोठ्या आकड्याचा कमी. कर्कश वाटणाऱ्या पिकअपची समजूत कित्येकदा नुसत्या पॉटने निघते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पॉट घेताना मी मल्टिमीटर सोबत ठेवते, कारण वर २५० लिहिलेला पॉट मोजल्यावर २२० भरतो किंवा २७०, आणि तो फरक कानाला कळतो. टोनच्या कपॅसिटरबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते ०.०२२ की ०.०४७ मायक्रोफॅरड, या आकड्याला महत्त्व आहे. तो कशाचा बनवला आहे, हे मला कधी ऐकू आलं नाही. केबलचं मात्र कुणी बोलत नाही. दर मीटरला शंभरेक पिकोफॅरड तीही जोडते. लांब केबल म्हणजे टिपेला कात्री. तीन मीटरची केबल काढून सहाची लावली तर पिकअप न बदलताही आवाज बदलतो.

४. गुणगुणीलाही स्वर असतो. आपल्याकडे घरची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे सिंगल कॉइलमध्ये ५० आणि त्याच्या पटीतले स्वर घुमतात. जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी येतो ९८ वर. तो हळू वाजवला की १०० ची गुणगुण त्याच्याशी घासते आणि सेकंदाला दोनदा हेलकावे घेते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिथली गुणगुण बी-फ्लॅट आणि बीच्या मधोमध बसते. गिब्सनच्या सेथ लव्हरने हंबकरच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला. त्याची युक्ती अशी: दोन कॉइल, उलट जोडलेल्या आणि उलट चुंबकध्रुवांच्या. बाहेरची गुणगुण एकमेकींत कटते, तारेचा आवाज मात्र जुळतो. पण दोन ठिकाणांहून एकच तार ऐकली की टिपेचे काही स्वरही कटतात. मग लोक खटका लावून एक कॉइल बंद करतात, आणि गुणगुण परत येते. मला दोन्ही कॉइल समांतर जोडणं जास्त आवडतं. आवाज थोडा लहान होतो, पण उजळ असतो आणि शांतही राहतो. त्यासाठी पिकअपमधून चार तारा बाहेर आलेल्या हव्यात.

५. उणेपणातूनही ओळख घडते. गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या गिब्सन लेस पॉलमध्ये मानेकडच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की खालचे स्वर एकमेकांना खोडत आणि पोकळ, नाकातला आवाज उरे. तो इतका हवाहवासा ठरला की लोक आपल्या गिटारींतली चुंबकं मुद्दाम उलटी करू लागले. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, नंतर कर्क हॅमेटकडे.

६. मेणाचा मोह आवरावा. वेढे सैल असले तर मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो, म्हणून ते मेणाने घट्ट करतात. एडी व्हॅन हेलनने आपला हंबकर पॅराफिनमध्ये बुडवला, ब्रायन मेने बर्न्स कंपनीचे पिकअप अ‍ॅराल्डाइटने घट्ट केले. दोघंही कानठळ्या बसवणाऱ्या अ‍ॅम्पसमोर उभे राहत, त्यांना ते हवंच होतं. घरच्या खोलीत हलक्या आवाजात वाजवणाऱ्याला क्वचितच लागतं, आणि मेणाबरोबर आवाजातला थोडा मोकळेपणा जातो. लागलंच तर मेण थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात, साधारण ६५ अंशांवर. त्याहून जास्त तापलं तर प्लास्टिकची बॉबिन वाकते.

७. कान फार लवकर विसरतात. तारा काढायच्या, पिकअप बदलायचा, सोल्डर करायचं, पुन्हा सुरात आणायचं, तोवर आधीचा आवाज आठवणीत बदललेला असतो. म्हणून आधी आणि नंतर एकच तुकडा रेकॉर्ड करते, आणि दोन्ही सारख्याच पातळीवर आणून ऐकते, कारण जास्त मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. असं ऐकल्यावर पुष्कळदा दिसतं की पातळ पिकऐवजी जाड पिक धरला तर होणारा फरक याहून मोठा होता. हल्ली गिटार उघडायच्या आधी मी तेवढं करून बघते.