मिठाच्या पाण्यातली मेथी

प्रश्न : बीडच्या बाजारातून मेथी, मुळा, पातीचा कांदा आणतो. भाकरीबरोबर कच्चाच खातो. मिठाच्या पाण्यात बुडवलं की जंतांची अंडी मरतात ना?

उत्तर : नाही हो. गोल जंताच्या अंड्याचं कवच भारी चिवट; मातीत ते वर्षानुवर्षं तग धरतं. मीठ, व्हिनेगर, क्लोरीन, कशालाच जुमानत नाही. अंडी मरतात ती शिजवल्यावर. धुण्यानं नुसती निघून जातात, पण तेही थोडं नाही. जुडी सोडा, मुळं कापा, एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळा. बिंदुसरा असो की दुसरी नदी, सांडपाण्यावर पिकलेली भाजी कच्ची नकोच. ताजी दिसावी म्हणून बाजारात शिंपडतात ते पाणी कुठलं, हेही एकदा विचाराच! मुलांची शाळा-अंगणवाडीतली जंतांवरची अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नका. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन.