कष्टकऱ्यांची लेखणी

एके काळी मुंबईच्या परळ-लालबाग भागात गिरण्यांच्या भोंग्यांनी दिवस उजाडत असे. तेथील चाळींत हजारो कामगार राहत. पण त्यांच्या सुखदुःखाला पुस्तकांत क्वचितच जागा मिळे. समाजाने ज्यांना अस्पृश्य मानले, त्यांची कहाणी तर त्यांच्याच शब्दांत फारच थोड्यांनी वाचली होती.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. शाळा त्यांच्या वाट्याला अवघी दीड दिवस आली. पोटासाठी आईवडिलांबरोबर ते पायी चालत मुंबईस आले. येथे दुकानांवरील पाट्या व चित्रपटांच्या जाहिराती पाहत त्यांनी अक्षरांशी ओळख करून घेतली. गिरणीत राबता राबता ते वाचू लागले आणि पुढे लिहूही लागले.

२ मार्च १९५८ रोजी दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित व श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. पुढच्याच वर्षी त्यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६३ साली बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला.

सातासमुद्रापलीकडेही असेच घडले होते. अमेरिकेतील अनेक राज्यांत काळ्या गुलामाला वाचावयास शिकवणे हा गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस या गुलाम मुलाचे शिक्षण त्याच्या मालकाने बंद पाडले. तेव्हा गोदीतील लाकडांवर सुतारांनी काढलेली अक्षरे पाहून तो लिहावयास शिकला. गुलामीतून सुटल्यावर १८४५ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

या दोन देशांतील दुःखांचे नाते महात्मा जोतीराव फुले यांनी फार पूर्वीच ओळखले होते. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस त्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला.

ज्यांच्याविषयी आजवर इतरच बोलत आले, त्यांचे म्हणणे अशा पुस्तकांतून त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळते. त्यातील काही गोष्टी वाचकाला बोचतात, लाजवितातही. तरीही पुस्तक न मिटता ते शेवटपर्यंत ऐकून घेणे, हे वाचकाचे कर्तव्य होय.